एकेकट्याने आजारी पडणाऱ्यांचं काय?

माझ्या वहिनींचं पुण्यातल्या धायरीत पोळी-भाजी केंद्र आहे. सकाळी सहाला कणीक भिजते आणि साडेनऊच्या आत दीडशे पोळ्या डब्यांत गेलेल्या असतात. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांच्या हातात काहीतरी बिघडलं आणि ते त्यांच्याआधी गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं. पहिल्या चाळीस-पन्नास पोळ्या नेहमीसारख्या पातळ, गोल. पुढच्यांच्या कडा जाड. शेवटच्या वीस-पंचवीस अर्धवट लाटलेल्या. "वहिनी, गहू बदललात का?" असं एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने विचारलं. गहू तोच होता. लाटणं हातात धरवत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं टेकलं की पुन्हा दहाएक पोळ्या छान उतरायच्या आणि मग परत तेच.

संध्याकाळी त्यांचा आवाज नाकातून यायचा. फोनवर मला वाटे, सर्दी झाली असेल. रात्री जेवताना भाकरीचे शेवटचे घास चावायला त्या हनुवटीखाली हात धरायच्या. नऊच्या सुमारास डावी पापणी अर्ध्यावर उतरायची. आई म्हणायची, "झोप आलीय तिला, दमते फार." सकाळी उठल्यावर सगळं जागच्या जागी. आणि दवाखान्यात जायचं ते सकाळी, केंद्र उरकून, थोडं पडून ताजंतवानं झाल्यावर. डॉक्टरांपुढे जी बाई बसायची ती धडधाकट असायची.

तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर. रिपोर्ट नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका, मन रमवा," असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने झोपेची आणि उदासीची गोळी लिहून दिली. घरात एकदोघं हळूच म्हणू लागले की कामाचा कंटाळा आला असेल. मी स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम केलंय. मीही त्यांना बी-१२ च्या गोळ्या आणून दिल्या आणि माझं काम झालं असं समजलो. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

मग जानेवारी २०२५ उजाडला. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात हातापायांतली ताकद गेलेली माणसं एकामागून एक दाखल व्हायला लागली. गुलेन-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे नाव रिक्षा स्टँडवरसुद्धा ऐकू यायला लागलं. त्याच दिवसांत वहिनींना जुलाब झाले. जवळच्या दवाखान्यातून फ्लॉक्सासिन जातीच्या प्रतिजैविकाची एक गोळी मिळाली. दोन दिवसांत मान धरवेना, प्यायलेलं पाणी नाकातून परत यायला लागलं. आम्ही त्यांना रुग्णालयात नेलं. धायरीतून आलोय आणि अंगात ताकद नाही, एवढं म्हटल्याबरोबर स्ट्रेचर आला. दीड वर्षं जिच्या अशक्तपणाला कोणी विचारलं नव्हतं, तिला त्या आठवड्यात पंधरा मिनिटांत खाट मिळाली.

तिथल्या एका तरुण निवासी डॉक्टर मुलीने गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय उडाला. जीबीएसमध्ये सहसा तो उडत नाही. तिने वहिनींना छताकडे टक लावून बघायला सांगितलं. पाऊण मिनिटात डावी पापणी पडदा सोडावा तशी खाली आली. मग तिने रबरी हातमोज्यात बर्फाचे खडे भरून घेतले आणि तो मोजा त्या मिटल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. मोजा काढला आणि पापणी वर उचललेली, दुसऱ्या डोळ्याइतकी. मी समोर उभा होतो. बर्फ वितळून वहिनींच्या कानामागून पाणी ओघळत होतं आणि त्या विचारत होत्या, "काय झालं भाऊजी, असे का बघताय?"

त्यांना मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे. वापरावेत तसे स्नायू थकत जाण्याचा आजार.

जीबीएसच्या रुग्णांसाठी मोफत उपचारांची घोषणा त्या दिवसांत झालीच होती. खिडकीवरच्या माणसाने आमचा कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "जीबीएस असतं तर बघता आलं असतं." त्याने नियम सांगितला, त्याच्यावर माझा राग नाही. पण शेजारच्या खाटेवरच्या मुलाला जे औषध चालू होतं तेच वहिनींना लागणार होतं: हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन, वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम. वहिनींचं वजन ५५ किलो. म्हणजे ११० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या २२ बाटल्या. दोन्ही आजारांत शरीर स्वतःवरच प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढण्यासाठी असलेली रक्तातली प्रथिनं (अँटिबॉडी), सोडतं, दोन्हींत मात्रा साधारण तीच. एक माणूस दोनशेजणांबरोबर आजारी पडला होता, दुसरी एकटीच. वहिनींच्या पाटल्या त्या आठवड्यात मोडल्या. आणि निदान पक्कं करणारी रक्ताची तपासणी शहराबाहेर गेली. तिचा निकाल यायला नऊ दिवस लागले.

या लेखातलं माझं म्हणणं सरळ आहे. पेशींवरच्या रिसेप्टरविरुद्ध, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनांविरुद्ध, तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी पुण्यात सरकारी प्रयोगशाळेत, नियमित आणि फुकट झाली पाहिजे. दिवस चढेल तशी वाढणारी कमजोरी असो की तरुण पोरीचं पंधरवड्यात फिरलेलं डोकं, 'मानसिक' असा शिक्का मारण्याआधी या प्रतिपिंडांचा विचार झालाच पाहिजे. साथीत आपण हे करून दाखवलंय. साथ नसताना एकेकट्याने आजारी पडणाऱ्यांनाही ते मिळायला हवं.

हे आजार नेमके काय आहेत ते सांगतो, कारण ते कळलं की 'मन रमवा' या सल्ल्यातली क्रूरता दिसते.

पेशीच्या अंगावर प्रथिनांचे ग्राही असतात. रिसेप्टर हा शब्दच आता रुळलाय. दाराबाहेरची बेल समजा. बाहेरून निरोप आला की बेल वाजते आणि घरात काम सुरू होतं. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरची बेल दाबतं, स्नायू आकसतो. मायस्थेनियात रोगप्रतिकारशक्ती चुकून या बेलांनाच शत्रू ठरवते आणि त्यांच्यावर प्रतिपिंडं सोडते. प्रतिपिंडाला दोन हात असतात. त्या दोन हातांनी ते शेजारच्या दोन बेला एकमेकींना बांधतं, आणि अशा बांधलेल्या जोड्या पेशी आत ओढून मोडीत काढते. काही प्रतिपिंडं बेलच्या बटणावरच ठाण मांडतात. काही रक्तातल्या आणखी प्रथिनांना बोलावून भिंतीचा तेवढा भागच खिळखिळा करतात. शेवटी बेला थोड्या उरतात. एकामागोमाग संदेश पाठवताना मज्जातंतू दर खेपेला जरा कमी रसायन सोडतो. निरोगी स्नायूत बेला भरपूर असल्याने ते भागून जातं. बेला कमी असल्या की पहिले निरोप पोचतात, पुढचे पोचत नाहीत. पन्नासावी पोळी जाड का होत होती, त्याचं उत्तर हे आहे. बर्फाने पापणी का उचलली, तेही यातच: थंडीत अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम मंदावतं, रसायन जास्त वेळ टिकतं आणि उरलेल्या बेला वाजतात.

सर्वांगाला होणाऱ्या मायस्थेनियात शंभरातल्या साधारण ८५ जणांच्या रक्तात हे प्रतिपिंड सापडतं. उरलेल्यांपैकी काहींमध्ये मस्क नावाच्या शेजारच्या प्रथिनाविरुद्धचं प्रतिपिंड असतं. ते २००१ मध्ये कळलं. त्यांची औषधयोजना थोडी वेगळी करावी लागते, म्हणून दोन्ही तपासण्या लागतात.

या ज्ञानाचा इतिहास मला फार जवळचा वाटतो, कारण तो मोठ्या दिमाखदार इमारतींतून सुरू झालेला नाही. १९३४ साली लंडनच्या ग्रिनिचमधल्या सेंट अल्फेज या गोरगरिबांच्या रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर काम करत होत्या. मायस्थेनियाच्या रुग्णाची अवस्था क्युरारी या विषाची बाधा झालेल्या माणसासारखी दिसते, हे त्यांनी हेरलं आणि त्या विषावरचा उतारा, फायसोस्टिग्मिन, टोचून पाहिला. पडलेली पापणी वर गेली. वहिनी आज घेतात ती पिरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच घराण्यातली आहे. पुढे १९६० मध्ये ग्लासगोच्या जॉन सिम्प्सन यांनी तर्क मांडला की यात प्रतिपिंडांचा हात असावा. पुरावा १९७३ मध्ये आला, तोही वेगळंच काहीतरी शोधताना. कॅलिफोर्नियाच्या साल्क संस्थेत जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशातून हा रिसेप्टर वेगळा काढला आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं मिळवण्यासाठी सशांना टोचला. ससे लुळे पडले. मायस्थेनियात वापरतात त्या जातीचं औषध दिल्यावर ते सावरले.

आणि हा रिसेप्टर मोजायचा कसा, हे कोणी शिकवलं? सापाने. तैवानच्या मण्यारीच्या विषातलं एक प्रथिन या रिसेप्टरला इतकं घट्ट चिकटतं की त्याला किरणोत्सर्गी खूण लावून रिसेप्टर मोजता येतात. आपल्या नागाच्या विषातही याच बेलवर बसणारं प्रथिन असतं. मुळशी-वेल्ह्याकडच्या शेतकऱ्याला हे कोणी पुस्तकातून सांगावं लागत नाही. साप चावलेल्याच्या पापण्या मिटायला लागल्या की घाई करायची, एवढं त्याला ठाऊक असतं. तीच पापणी महिनोन्‌महिने रोज रात्री खाली येते तेव्हा मात्र घरातली सगळी म्हणतात, झोप आलीय.

प्रतिपिंड सापडलं म्हणजे तेच आजाराचं कारण, असं कशावरून? रास्त प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बाळंतिणीच्या खाटेशी मिळतं. मायस्थेनिया असलेल्या आईची काही बाळं, शंभरात दहा ते वीस, जन्मल्यावर नीट चोखत नाहीत, क्षीण रडतात. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात गेलेली असतात. काही आठवड्यांत ती विरतात आणि बाळ ठणठणीत होतं. बाळाला स्वतःचा आजार नसतोच. १९७५ मध्ये रुग्णांची प्रतिपिंडं उंदरांना टोचून हेच दाखवलं गेलं, पण त्या बाळांनी ते आधीच दाखवलं होतं.

बेल मोडणं हा एकच प्रकार नाही. ग्रेव्हज या थायरॉइडच्या आजारात प्रतिपिंड बेलवर बोट ठेवतं आणि उचलतच नाही. मेंदूने निरोप थांबवला तरी ग्रंथी हार्मोन ओततच राहते. छाती धडधडते, वजन उतरतं, हात थरथरतात, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९५६ साली अ‍ॅडम्स आणि पर्व्हस यांनी रुग्णांच्या रक्तात ग्रंथीला फार वेळ चेतवत ठेवणारं काहीतरी पाहिलं. ते प्रतिपिंड निघालं. हा काही दुर्मीळ आजार नाही. बायकांना आयुष्यात कधीतरी तो होण्याचं प्रमाण शंभरात तीनच्या घरात सांगतात. इन्सुलिनच्या रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं झालेले रुग्ण १९७५ मध्ये नोंदले गेले. त्यांना प्रचंड मात्रेत इन्सुलिन देऊनही साखर हटत नाही. मूत्रपिंडातून प्रथिनं गळणाऱ्या एका आजारात २००९ मध्ये फॉस्फोलायपेज रिसेप्टरविरुद्धचं प्रतिपिंड सापडलं, साधारण सत्तर टक्के रुग्णांत. आता बऱ्याच रुग्णांच्या मूत्रपिंडात सुई घालून तुकडा काढायची गरज उरत नाही, रक्ताच्या तपासणीवर भागतं. आजार वेगवेगळे, अवयव वेगवेगळे, पण सगळीकडे बेलचाच घोटाळा.

मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते मेंदूबद्दल.

२००७ मध्ये जोसेप दालमाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक आजार मांडला: मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं. बहुतेक रुग्ण तरुण, त्यातही मुली आणि बायका जास्त. सुरुवातीला ताप, डोकेदुखी, फ्लूसारखं वाटतं. आठ-पंधरा दिवसांत मुलगी भलतंच बोलू लागते, कोणीतरी मारायला येतंय म्हणते, झोपत नाही, कधी किंचाळते, कधी पुतळ्यासारखी थिजते. पुढे झटके येतात, ओठ-जीभ-जबडा यांच्या विचित्र हालचाली सुरू होतात, श्वास मंदावतो. काहींच्या अंडाशयात एक गाठ असते, तिच्यात चेतापेशीही असतात, आणि त्या गाठीविरुद्ध उठलेली प्रतिपिंडं मेंदूपर्यंत पोचतात. इथेही तेच दोन हात, तीच जोडी बांधणं, बेल आत ओढली जाणं. पण पेशी मरत नाही. प्रतिपिंडं हटवली की बेला पुन्हा उगवतात. २०१३ मध्ये ५७७ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. दोन वर्षांपर्यंत ज्यांचा पाठपुरावा झाला त्यांतले ८१ टक्के चांगले सावरले होते, आणि उपचार जितके लवकर, तितकं सावरणं चांगलं.

आता ही मुलगी आपल्याकडे कुठे जाते ते पाहा. आधी देवऋष्याकडे, "बाहेरचं लागलंय" म्हणून. मग मनोविकाराच्या औषधांवर. काही महिने जातात आणि तोवर तिच्या नावामागे एक शब्द कायमचा चिकटलेला असतो. लग्न, नोकरी, शेजार, सगळ्यांना तो शब्द पुरतो.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलीला मारझोड करणं आज गुन्हा आहे. हे फार मोठं आहे आणि त्याची किंमत या शहराने पाहिलीय. पण "भूत नाही" एवढं सांगून आईबापांचं समाधान होत नाही, होऊही नये. ते विचारतात, मग आहे काय? माझी पोर अशी का करतेय? त्या प्रश्नाला पाठीच्या कण्यातल्या पाण्याची एक तपासणी कधी कधी नेमकं उत्तर देऊ शकते. ती तपासणी त्या बापाच्या आवाक्यात नसेल तर आपण एक दार बंद केलं आणि दुसरं उघडलंच नाही. विवेकाची चळवळ या गावात जन्मभर चालवणाऱ्यांना मी विनवतो, ही मागणी तुमच्या यादीत घ्या. मनोविकार हा खराच आजार आहे आणि बहुतेक मनोरुग्णांत असं प्रतिपिंड नसतं, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. पण ताप येऊन गेलाय, झटका आलाय, तोंड वाकडं होतंय, अंग थिजतंय, अशी खूण असताना तपासणी न करणं याला माझ्याकडे क्षमा नाही.

मला आक्षेप माहीत आहेत. टीबी आहे, डेंगी आहे, कुपोषण आहे. एवढ्या दुर्मीळ आजारांसाठी पैसा कुठून आणायचा?

आधी दुर्मीळपणा बघू. जगभरच्या अंदाजांनुसार दर १० लाख लोकांमागे मायस्थेनियाचे दीडशे ते अडीचशे रुग्ण असतात. २०११ च्या जनगणनेतच पुणे महानगर ५० लाखांवर होतं. तो हिशेब इथे लावला तर जुन्या लोकसंख्येवरसुद्धा साडेसातशे ते साडेबाराशे माणसं होतात, एकट्या मायस्थेनियाची. जीबीएसच्या साथीत दोनशेवर रुग्ण होते आणि सगळं सरकार हललं. ते योग्यच झालं. हे हजारभर लोक एका आठवड्यात, एका विहिरीच्या पाण्याने आजारी पडले नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

आता पैसा. हे आजार महाग आहेत हा समज अर्धाच खरा आहे. इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं, पण ते बहुतेकदा निदान उशिरा झाल्यावर, श्वास अडकल्यावर लागतं. वेळेवर कळलं तर बरेच रुग्ण प्रेडनिसोलोन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि पिरिडोस्टिग्मिनवर वर्षानुवर्षं कामधंदा करतात, आणि यातलं कुठलंही औषध नवलाईचं नाही. आपल्या आरोग्य योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. दाखल व्हायची वेळच येऊ नये म्हणून जी तपासणी करायची, ती बाह्यरुग्ण विभागातल्या माणसाने खिशातून करायची. आधी रुग्णाला पडू द्यायचं आणि मग लाखांत खर्च करायचा, हे अर्थशास्त्रही नाही.

आणि इथे माझ्या धंद्यातलं एक सांगतो. प्रतिपिंडं मोजणाऱ्या एलायझा तपासणीच्या प्लेटीत ९६ खाचा असतात. दर वेळी त्यातल्या काही खाचा प्रमाण द्रावणांना आणि नियंत्रण नमुन्यांना द्याव्याच लागतात, रुग्ण एक असो की सत्तर. म्हणून छोट्या लॅबला एका रुग्णासाठी प्लेट लावणं परवडत नाही. नमुना साठवायचा, आणखी येईपर्यंत थांबायचं, नाहीतर दुसऱ्या शहरात पाठवायचा. वहिनींचे नऊ दिवस यात गेले. दर विखुरल्या नमुन्यामागे खर्च जास्त, थांबणं जास्त. पण पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या सगळीकडचे रुग्ण तसेही ससून या सरकारी रुग्णालयाच्या दारात येतात. तिथले आणि महापालिकांच्या रुग्णालयांतले नमुने एका ठिकाणी आणले तर आठवड्याला एक प्लेट भरेल आणि तपासणीचा दर उतरेल. एनएमडीएसाठी पेशींवरची चाचणी लागते, फ्लुरोसेंट सूक्ष्मदर्शक आणि तो वाचणारी तयार नजर लागते. ज्या गावात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, बी. जे. आणि सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्या गावात अशी नजर तयार होऊ शकत नाही असं मला कोणी सांगू नये.

एक सावधगिरी मात्र हवी, आणि ती मी माझ्याच व्यवसायातल्या लोकांना सांगतो. या तपासण्या 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये घालून विकू नका. धडधाकट माणसाच्या रक्तातही कुठली ना कुठली प्रतिपिंडं थोड्या प्रमाणात सापडतात. थकवा, धडधड, चक्कर यांवर अमुकतमुक रिसेप्टरची प्रतिपिंडं मोजून देतो म्हणणाऱ्या बऱ्याच चाचण्यांना अजून पक्का आधार नाही. लक्षण आणि तपासणारा डॉक्टर आधी, नळी नंतर. आणि उलटंही खरं आहे: रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे मायस्थेनिया नाही असं होत नाही. पापणी डोळ्यांसमोर खाली येत असेल तर कागदापेक्षा पापणीवर विश्वास ठेवावा.

म्हणून माझ्या मागणीचा पहिला भाग लॅबबद्दल नाहीच. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, अशक्तपणाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला विचारावं: सकाळी कसं वाटतं, रात्री कसं? जेवताना मध्येच चावणं थांबवावं लागतं का? त्याला मिनिटभर वर बघायला लावावं. पापणी पडली तर बर्फ धरून पाहावा. याला अनुदान लागत नाही. लागतो तो समोरच्या बाईच्या बोलण्यावर विश्वास. दीड वर्षात वहिनींना हा प्रश्न एकाने जरी विचारला असता, तरी जुलाबावर ती गोळी दिली गेली नसती. फ्लॉक्सासिन जातीच्या औषधांनी मायस्थेनिया बळावतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्येच त्यावर ठळक इशारा छापायला लावला. जेंटामायसिन, अमिकासिन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, यांचंही तसंच. पण आजाराचं नावच माहीत नसेल तर इशारा कोणासाठी छापायचा?

वहिनी आता पहाटे सव्वापाचला गोळी घेतात. ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर भाज्या चिरून घेतात. सत्तर पोळ्या झाल्या की उठून खुर्चीत बसतात, उरलेल्या एक मदतनीस बाई लाटते. बटव्यात एक कार्ड असतं, मराठीत, ठळक अक्षरांत: आजाराचं नाव आणि टाळायच्या औषधांची यादी. ते मी लिहिलंय. जुन्या शिक्षकांनी सांगितलं होतं तसं, नमुन्याच्या नळीवरच्या चिठ्ठीसारखं, खाडाखोड न करता.

त्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरच्या रुग्णांचे नमुने गोळा होऊन विषाणू संस्थेत जात होते. फॉर्म होते, थंड पेट्या होत्या, माणसं होती, आणि कोणी कोणाला पावती मागत नव्हतं. साथ ओसरली आणि ते थांबलं. धायरीतून त्याच रस्त्याने रोज कोणीतरी दवाखान्यात जातं, आणि ज्याचा आजार संध्याकाळी दिसतो त्याला सकाळी तपासून घरी पाठवलं जातं. त्या पेट्यांपैकी एक परत काढा. आठवड्याचा एक वार ठरवा.